नाव गळून पडलेले खेळ : प्रस्तावना

आमचं घर डिचोलीला आणि आजोळ पेडण्याला. त्यामुळे लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्यांची वाट म्हापशावरून आणि कोलवाळच्या पुलावरून गेलेली. चवथीला सगळी भावंडं पेडण्याच्या घरी जमायची. १९९३च्या चवथीला मामा मस्कतहून आला होता आणि त्याच्या बॅगेतून एक पांढऱ्या-तांबड्या रंगाचं यंत्र निघालं. बाहेरच्या खोलीत माटोळीखाली आरती चाललेली, आणि आतल्या खोलीत थोरला मामेभाऊ टीव्हीच्या पाठीमागे हात घालून अँटेनाची वायर काढून तिथं व्हिडिओ गेमची वायर खोचतोय, हे चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. बराच वेळ पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग चॅनल सापडलं आणि इंग्रजी नावांची लांबलचक यादी समोर आली. यादीतून खाली उतरता उतरता एका ओळीवर मामेभावाचा अंगठा थांबला. ओळ होती ‘कुंग फू’.

ज्यांनी तो खेळ खेळला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका लांबट दालनात आपला माणूस उभा असतो. पहिल्या मजल्यावर तो उजवीकडून डावीकडे चालतो. दोन्ही बाजूंनी माणसं धावत येतात आणि त्याला मिठी मारतात. मिठी बसली की शक्तीची पट्टी झरझर उतरते. डावं-उजवं भराभर दाबून त्यांना झटकावं लागतं. मध्येच कुणी सुरी फेकतो. ती डोक्याच्या उंचीवर आली तर खाली बसायचं, पायाशी आली तर उडी मारायची. मजल्याच्या शेवटी जिना आणि जिन्याच्या तोंडाशी वाट अडवणारा एक मोठा गडी. पहिल्या मजल्यावर काठीवाला, दुसऱ्यावर बूमरँगवाला, तिसऱ्यावर धिप्पाड राक्षसासारखा माणूस, चौथ्यावर जादूगार. पाचव्या मजल्यावर शेवटचा गडी, आणि त्याच्या पलीकडे बांधून ठेवलेली सिल्व्हिया.

त्या चवथीत आम्ही पाचव्या मजल्यावर पोचलो नाही. पुढे डिचोलीच्या बाजारात एका दुकानदारानं आतल्या खोलीत तीन टीव्ही मांडले आणि तासाला पाच रुपये घ्यायला सुरुवात केली. बुधवारच्या बाजाराला आलेल्या बायका पोरांना तिथं बसवून भाजी-सुकी मासळी घेऊन यायच्या. खनिजाच्या ट्रकांची धूळ दारातून आत यायची, म्हणून दुकानदार टीव्हीवर ओलं फडकं फिरवत असायचा. तिथं मी पाचवा मजला जिंकला. सिल्व्हिया सुटली, आणि खेळ पुन्हा पहिल्या मजल्यावरून, आधीपेक्षा अवघड होऊन सुरू झाला.

आपण एका सिनेमावरचा खेळ खेळतो आहोत, हे त्या दुकानात कुणालाही ठाऊक नव्हतं.

मला ते कळलं कॉलेज संपल्यावर. १९८४ साली हाँगकाँगमध्ये सॅमो हंग यांनी ‘व्हील्स ऑन मील्स’ नावाचा चित्रपट दिग्दर्शित केला. जॅकी चॅन त्यात थॉमस नावाच्या तरुणाच्या भूमिकेत आहे. बार्सिलोना शहरात तो मित्राबरोबर गाडीवर खाद्यपदार्थ विकतो, आणि सिल्व्हिया नावाच्या मुलीला सोडवायला एका किल्ल्यात शिरतो. जपानमध्ये हा चित्रपट ‘स्पार्टन एक्स’ या नावानं लागला. आयरेम या जपानी कंपनीनं त्याच नावानं आर्केडसाठी खेळ काढला, तो ताकाशी निशियामा यांनी रचला आणि १९८५ साली निन्टेन्डोनं तो घरगुती यंत्रावर आणला. जपानबाहेर त्याचं नाव झालं ‘कुंग फू’. पेडण्याच्या घरात मामेभावाचा अंगठा ज्या ओळीवर थांबला होता, ती ही.

मी तो चित्रपट मिळवून पाहिला. दीड तास पाच मजल्यांची वाट पाहत बसलो. मजले आलेच नाहीत. थॉमस होता, सिल्व्हिया होती, शेवटी बेनी उर्किडेझ या कसलेल्या लढवय्याशी जॅकी चॅनची दणदणीत मारामारी होती. पण प्रत्येक जिन्यावर वेगळा गडी, हा प्रकार कुठेच नव्हता. तो सापडला ब्रूस लीच्या ‘गेम ऑफ डेथ’मध्ये. ब्रूस ली १९७३ साली गेला, अर्धवट राहिलेला हा चित्रपट १९७८ साली पडद्यावर आला. त्यात एका इमारतीचा एकेक मजला चढत ब्रूस ली प्रत्येक ठिकाणी निराळ्या विद्येच्या माणसाशी लढतो. शेवटी समोर येतो सव्वासात फुटांच्या आसपास उंचीचा करीम अब्दुल-जब्बार. त्याला पाहिल्याबरोबर मला तिसऱ्या मजल्यावरचा धिप्पाड माणूस आठवला. ज्या सिनेमाचं नाव लावलं त्यातून खेळानं दोन नावं घेतली, आणि ज्याचं नाव लावलं नाही त्यातून सगळा सांगाडा. या पुस्तकाचं बीज त्या संध्याकाळी पडलं.

सिनेमावरून काढलेले सुरुवातीचे खेळ हा गेमच्या इतिहासातला बदनाम भाग आहे. त्यांच्यात चांगल्या-वाईटाचं अंतर इतकं मोठं आहे, की एकाच दुकानातल्या एकाच फळीवर एक खेळ आयुष्यभर लक्षात राहील असा आणि शेजारचा दहा मिनिटांत बंद करावा असा, हे नेहमीचंच होतं. असं का झालं, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे. यंत्रं लहान होती म्हणून, हे उत्तर पुरेसं नाही; यंत्र दोघांनाही तेवढंच होतं.

तरी ते किती लहान होतं, हे आधी लक्षात घ्यायला हवं. १९७७ साली आलेल्या अटारी २६०० या यंत्राची काम करण्याची स्मृती १२८ बाइट होती. एका अक्षराला एक बाइट धरला, तर त्यात जेमतेम एखादं मध्यम लांबीचं वाक्य मावेल. १९८३ साली जपानमध्ये आलेलं निन्टेन्डोचं फॅमिकॉम, ज्याच्या नकला आपल्याकडे घरोघरी पोचल्या, त्याची स्मृती २ किलोबाइट. ही प्रस्तावनासुद्धा तिच्यात मावणार नाही. फॅमिकॉमवर हलणारी आकृती आठ ठिपके रुंदीच्या तुकड्यांची बनते आणि एका आडव्या ओळीत असे आठच तुकडे एका वेळी दिसू शकतात. माणूस दोन तुकडे रुंद असला तर ओळीत चार माणसं झाली. पाचवा आला की चित्र लुकलुकायला लागतं. ‘कुंग फू’मध्ये गर्दी झाली की माणसं लुकलुकतात, ती यामुळे. आम्हाला वाटायचं अडॅप्टर तापला.

अशा यंत्रात सिनेमा कसा बसवायचा? इथं मला पेडण्याचा दशावतार आठवतो. जत्रेतला दहिकाला, आमच्या तोंडी धयकालो, मी आजोबांच्या मांडीवर बसून पाहिला आहे. रंगमंचावर एक बाकडं. त्याच्यावर राजा बसला की ते सिंहासन, ऋषी बसला की आश्रम. मागे पडदा, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. आख्यानातले संवाद लिहिलेले नसतात. नट ते तिथल्या तिथं रचतो. महाभारतातला सबंध प्रसंग त्या एका बाकड्यावर उभा राहतो, आणि पहाटेपर्यंत कुणी उठत नाही. तो उभा राहतो, कारण प्रसंगाचा कणा कुठला हे नटाला पक्कं ठाऊक असतं. उरलेलं प्रेक्षक आपल्या मनातून भरतो. सनसॉफ्ट कंपनीनं ‘बॅटमॅन’ या चित्रपटावर काढलेला खेळ बघताना मला नेमकं हेच दिसतं.

तो चित्रपट १९८९च्या जूनमध्ये आला आणि खेळ त्याच वर्षीच्या डिसेंबरात जपानमध्ये. बॅटमॅन त्यात जांभळा आहे, कारण काळ्या पार्श्वभूमीवर काळा माणूस दिसणार कसा? त्या खेळात बॅटमॅन भिंतीला पाय लावून उलटा उडतो, समोरच्या भिंतीला टेकतो, पुन्हा उडतो, आणि असा दोन भिंतींच्या फटीतून वर चढत जातो. चित्रपटात ही उडी नाही. पण अंधाऱ्या, उंच शहराच्या भिंतींमधून वावरणारा माणूस म्हणजे काय, हे त्या उडीत अंगठ्याला कळतं. नाओकी कोदाका यांचं संगीत त्याला मिळालं, आणि शेवटी चर्चच्या मनोऱ्यावर जोकर समोर आला, की दोन किलोबाइटांचं भान राहत नाही.

याच्या उलट टोकाला आहे ‘ई.टी.’. चित्रपट १९८२च्या जूनमध्ये लागला आणि जगभर गाजला. अटारीनं हक्क मिळवले जुलै संपता संपता. नाताळच्या बाजाराला माल पोचवायचा तर खेळ १ सप्टेंबरपर्यंत तयार हवा होता. हे काम हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांच्या वाट्याला आलं, आणि त्यांनी ते जवळजवळ एकट्यानं सुमारे पाच आठवड्यांत पुरं केलं. खेळात ई.टी. टेलिफोनचे तीन तुकडे शोधत फिरतो आणि पुन्हा पुन्हा खड्ड्यात पडतो. मान ताणून वर तरंगत यावं, तर काठावरून पुन्हा आत. खेळणाऱ्यांनी तो टाकून दिला. न विकलेला माल १९८३ साली न्यू मेक्सिकोतल्या अॅलमोगोर्डो गावाजवळ पुरला गेला, आणि २०१४च्या एप्रिलमध्ये तो उकरून काढला तेव्हा चिखलमातीतून ‘ई.टी.’च्या कॅसेटी खरोखरच वर आल्या.

या गोष्टीत वॉरशॉ यांना जगातला सर्वांत वाईट गेम बनवणारा माणूस म्हणून रंगवतात, आणि मला ते सहन होत नाही. याच माणसानं याच यंत्रावर ‘यार्स रिव्हेंज’ हा अटारीचा अत्युत्तम खेळ केला. त्याला सुमारे सात महिने मिळाले होते. माणूस तोच, १२८ बाइट तेच. फरक फक्त मुदतीचा. चित्रपटाचे हक्क विकत घेतले की त्यांच्याबरोबर एक तारीख येते, आणि ती तारीख खेळ बनवणाऱ्याच्या हातात नसते.

मग सगळं खापर घाईवरच फोडावं का? तसंही करता येत नाही. ‘बॅक टू द फ्यूचर’ हा चित्रपट १९८५चा आणि त्याच्यावरचा खेळ १९८९चा. मध्ये चार वर्षं गेली होती. एलजेएन या मूळच्या खेळण्यांच्या कंपनीनं तो बाजारात आणला, बनवून घेतला मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरकडून. चित्रपटात काळाची कोडी आहेत, आई-वडिलांची भेट होईल की नाही ही धाकधूक आहे. खेळात मार्टी रस्त्यावरून वर वर चालत घड्याळं वेचतो आणि मधमाश्या चुकवतो. फोटोतली भावंडं पुसली जात आहेत, ही चित्रपटातली सुंदर कल्पना तिथं नुसता उलटा चालणारा काळ मोजायला वापरली आहे. चित्रपटाचे सहलेखक बॉब गेल यांनीसुद्धा त्या खेळाबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. इथं कमी पडला तो एक प्रश्न, जो कुणी विचारलाच नाही: या गोष्टीत हातानं करण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न विचारला गेला की उत्तरं वेगवेगळी येतात आणि ती सगळी चांगली असू शकतात. १९९३ साली डिस्नेच्या ‘अलादीन’वर दोन खेळ निघाले. सेगाच्या यंत्रावर व्हर्जिननं काढलेल्या खेळात डिस्नेच्या चित्रकारांनी स्वतः आकृत्या रेखाटल्या, आणि अलादीनच्या हातात तलवार दिली. निन्टेन्डोच्या यंत्रावर कॅपकॉमच्या शिंजी मिकामी यांनी तलवार काढून घेतली आणि अलादीनला शत्रूंच्या डोक्यांवरून उड्या मारत, खांबांना लटकत पळणारा चपळ पोर केलं. चित्रपट एक, वर्ष एक, आणि दोन्ही खेळांवर आजही लोक प्रेम करतात. आणि ‘गोल्डनआय’चं उदाहरण तर प्रत्येक निर्मात्यानं भिंतीवर लावून ठेवावं. बाँडपट आला १९९५च्या नोव्हेंबरात, रेअर कंपनीचा खेळ आला १९९७च्या ऑगस्टमध्ये. जवळजवळ दोन वर्षं उशीर. बनवणाऱ्यांचा चमू लहान, त्यातल्या बऱ्याच जणांचा पहिलाच खेळ. त्याच्या ८० लाखांवर प्रती खपल्या आणि चार मित्रांनी एका टीव्हीवर बंदुकीचा खेळ खेळण्याची सवय त्यानं एका पिढीला लावली. उशिराचा तोटा त्याला झाला नाही, कारण तोवर चित्रपटाच्या जाहिरातीची गरजच उरली नव्हती.

इथं डिचोलीच्या त्या दुकानाकडे परत यायला हवं, कारण हे पुस्तक मराठीत आणि गोव्यात बसून लिहिण्याचं कारण तिथं आहे. अमेरिकेतल्या मुलानं खेळ विकत घेतला तो खोक्यावरच्या चित्रपटाच्या चित्राला भुलून. त्याचा अपेक्षाभंग झाला, आणि या खेळांचा जो इतिहास आज वाचायला मिळतो तो बहुतेक त्याच अपेक्षाभंगातून लिहिलेला आहे. आमच्याकडे खोकंच आलं नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यात शॉ वॉलेसनं सेगाची यंत्रं भारतात अधिकृतपणे विकायला आणली, पण पेडणे-डिचोलीपर्यंत पोचल्या त्या नकला: आखाताहून, तारवटी नातेवाइकांच्या सामानातून, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. एकाच पिवळ्या कॅसेटीत शेकडो खेळांचा दावा, प्रत्यक्षात तेच तेच फिरून आलेले. स्क्रू काढून कॅसेट उघडली, तर आत हिरव्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा एक काळा गोळा. सगळे खेळ त्या गोळ्याखाली.

कोट्यवधी डॉलर मोजून घेतलेलं चित्रपटाचं नाव त्या यादीपर्यंत येईतो गळून पडलेलं असायचं. आम्ही म्हापशाच्या अलंकारला हिंदी चित्रपट पाहत होतो. ‘गूनीज’ काय असतं हे आम्हाला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. पण ‘गूनीज’ हा कोनामीनं १९८६ साली काढलेला खेळ आमच्या दुकानात रांग लावून खेळला जायचा. उंदरांना लाथ मारणारा मुलगा, बाँब लावून उघडायचे दरवाजे, आत डांबलेले सवंगडी, बाहेर पडायला लागणाऱ्या तीन किल्ल्या, आणि एक गुंड जो गोळ्यांऐवजी संगीताचे सूर फेकतो. तो सूर का फेकतो, यावर आम्ही खूप वाद घातले. चित्रपटातला तो गुंड ऑपेरा गातो, हे मला वीस वर्षांनी कळलं, आणि कळल्यावर त्या अनोळखी जपानी कारागिराबद्दल मन भरून आलं. एवढ्याशा जागेतही त्यानं त्या पात्राचं गाणं सोडलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, या खेळांचे सर्वांत निःपक्ष परीक्षक आमच्यासारखी मुलं होती. आम्ही नावाला फसलो नाही आणि नावावर रागावलोही नाही. जे खेळण्यासारखं होतं ते खेळलो, उरलेल्यावरून पुढे गेलो. ‘कुंग फू’ आणि ‘गूनीज’ त्या परीक्षेत उत्तीर्ण झाले, आणि त्यांची आठवण इथल्या चाळिशीतल्या माणसांच्या अंगठ्यांत अजून आहे. ही साक्ष कुठंतरी लिहून ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात अटारीच्या काळातले खेळ, दुसऱ्यात फॅमिकॉम आणि त्याच्या नकलांवरचे, तिसऱ्यात सेगा आणि सुपर निन्टेन्डोवरचे. चौथा भाग आपल्याकडचा आहे. भारतीय चित्रपटावरचा घरगुती यंत्राचा खेळ फार उशिरा आला, ‘रा.वन’ या चित्रपटावर मुंबईच्या ट्राइन गेम्सनं प्लेस्टेशनसाठी खेळ केला तो २०११ साली, चित्रपट लागला त्याच महिन्यात. प्रदर्शनाच्या तारखेचं तेच जुनं ओझं एवढ्या वर्षांनी मुंबईतल्या कारागिरांच्याही खांद्यावर आलं. मराठी चित्रपटांवर असे खेळ उद्या निघतील, निघावेत. ते करणाऱ्यांच्या हाती हे पुस्तक पडलं आणि त्यांनी निर्मात्याकडे आणखी सहा महिने मागितले, तर मला फार आनंद होईल. प्रत्येक खेळाबद्दल मी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: करायला किती वेळ मिळाला, चित्रपटातलं काय उचललं, आणि खेळताना हाताला काय करावं लागतं. शेरा शेवटी.

ऋण पुष्कळांचं आहे. डिचोलीच्या त्या दुकानदाराचं, ज्यानं तास संपल्यावरही शेवटची लाइफ जाईपर्यंत कधी उठवलं नाही. अस्नोड्याच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांचं, ज्यांनी तुटलेल्या वायरी झाळून दिल्या आणि यंत्र आतून कसं असतं ते दाखवलं. मामेभावाचं, जो आता मस्कतलाच असतो आणि ज्यानं मामाचं ते यंत्र तीस वर्षं सांभाळून परवा माझ्या हवाली केलं.

शेवटी वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी माळ्यावर, जुन्या ट्रंकेत अशी एखादी कॅसेट असेल तर ती टाकू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत तिच्या पट्ट्या हिरव्या पडतात. आपण सगळे तिच्यात फुंकर मारत आलो, पण फुंकरीतल्या ओलाव्यानं पट्ट्या आणखी गंजतात. कापसाच्या बोळ्याला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हातानं पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि मग लावा. यादी येईल. तिच्यातल्या ज्या ओळीवर तुमचा अंगठा आपोआप थांबेल, तिचं नाव मला कळवा.

डिचोली, गोवा
कोजागरी पौर्णिमा